कवायतबाई आणि मिस्त्री

सात नंबरच्या बाथरूमचं दार तिनं घाईघाईत ढकललं, तर आत एक तरुण माणूस अंगावरच्या सगळ्या कपड्यांनिशी कमोडच्या बंद झाकणावर बसलेला. डोळे गच्च मिटलेले. दोन्ही हात हवेत पुढं केलेले. आणि तोंडानं स्वतःशीच काहीतरी चाललेलं — "उठतोय... उठतोय... छे, नाही उठवत."

"कोण तुम्ही?" ती दारातच थबकली.

"एक मिनिट," तो डोळे न उघडता म्हणाला. "आत्ता मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे."

"आणि मी बारा वर्षांची. आधी बाहेर या!"

तेव्हा कुठं त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, तिच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्याच कानावर एक बुटकी पेन्सिल खोचलेली होती.

"मिस्त्री आहे मी. दांड्या बसवायला आलोय... धरून उठायच्या."

या गोष्टीला आता चौदा वर्षं होऊन गेली. पण अजूनही ओल्या फरशीचा आणि नव्या लाकडाचा वास एकत्र आला, की तिला ते बाथरूम आठवतं, ती पेन्सिल आठवते आणि उगाच हसू येतं.

तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. म्हाताऱ्या माणसांच्या त्या दुमजली निवासात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागून तिला आठच महिने झाले होते. रोज सकाळी नऊला ती चौतीस आजी-आजोबांना व्हरांड्यात खुर्च्यांवर बसवायची आणि 'हात वर, हात खाली' सुरू करायची. कुणी जांभया द्यायचं, कुणी एकच हात वर करून दोन्हींचं पुण्य मागायचं. पण ती कुणाला सोडायची नाही. म्हणून सगळ्यांनी तिचं नाव ठेवलं होतं कवायतबाई. पहिल्यांदा तिला राग आला. मग सवय झाली. मग कुणी खऱ्या नावानं हाक मारली, की तीच इकडं तिकडं बघायला लागली.

दांड्या कुठं, किती उंचीवर बसवायच्या याचा व्यवस्थित कागद तिनं तयार केला होता. तिनं तो मिस्त्रीच्या हातात दिला. त्यानं तो मन लावून वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"कागद बरोबर आहे मॅडम. पण कागदाला धरून कुणी उठत नाही ना."

"म्हणजे?"

"दाखवतो."

आणि त्यानं एकेका आजी-आजोबांना त्यांच्या-त्यांच्या बाथरूममध्ये बसवायला सुरुवात केली. "डोळे मिटा काका. आता उठायला लागा. घाई नाही. हात कुठं जातोय ते फक्त बघायचंय." हात भिंतीला जिथं टेकेल तिथं तो टाइलवर पेन्सिलीची खूण करायचा. चौतीस माणसं, चौतीस उंच्या. जन्मभर बस चालवलेल्या ड्रायव्हरकाकांचा हात पुन्हा पुन्हा डावीकडे जायचा. "गिअर शोधतोय," ते ओशाळून म्हणाले. मिस्त्री हसला नाही. त्यानं दांडी डावीकडे लावली.

पहिल्या दिवशी ती चिडली. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी पेन्सिल तिच्या हातात होती... कशी आली, कोण जाणे.

हे सगळं बारीक नजरेनं बघत होत्या सात नंबरच्या टेलिफोनआजी. वय एक्क्याऐंशी. पस्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन केंद्रात बसून लोकांचे फोन जोडून दिले होते. आवाज अजून खणखणीत होता. गुडघे मात्र कुरकुरायचे.

"कवायतबाई," त्या एकदा तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "रिंग दोन्हीकडून जातेय गं. उचलत मात्र कुणीच नाही."

"आजी, पाय वर करा. दहा वेळा."

"करते. तूही काहीतरी कर."

निवासाच्या मागं एक बाग होती. दोन पायऱ्या उतरून साठ-सत्तर फुटांची वाट, आणि वाटेच्या टोकाला कुंपणापाशी एक बाक. पण बागेच्या दाराला दोन वर्षं कुलूप होतं. एक आजोबा त्या वाटेवर घसरून पडले होते. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. ते पडलेले पहिल्यांदा दिसले होते निवास सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंना. तेव्हापासून किल्ली मेट्रनबाईंच्या कमरेला होती आणि विषय काढायची कुणाची हिंमत नव्हती.

कवायतबाईनं तो काढला.

"कुणी पडलं तर?" मेट्रनबाईंनी थेट विचारलं. "जबाबदारी कुणाची?"

"मेट्रनबाई, गेल्या महिन्यात तिघं पडले. तिघंही खोलीत. बसून बसून पायातली ताकदच गेलीय त्यांच्या. कुलपानं पडायचं थांबत नाही हो. फक्त बाग बंद होते."

मेट्रनबाईंनी खिडकीतून त्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पायऱ्या काढून उतार करा. दोन्ही बाजूंना कठडा. तो पुरा झाल्यावर मी बघेन. आणि पहिल्या दिवशी मी स्वतः बरोबर चालेन."

मिस्त्रीचं काम असं तीन आठवड्यांनी वाढलं. तो बागेत कठडा ठोकत होता आणि तिला खिडकीशी सारखं काही ना काही काम निघत होतं.

"लाकडाचाच का?" तिनं विचारलं. "लोखंडाचा टिकला असता."

"लोखंड उन्हात भाजतं, थंडीत गारठतं. म्हातारा हात लगेच मागं येतो." त्यानं तिच्याकडे न बघता रंधा मारला. "लाकडावर हात राहतो."

"सगळ्यांच्या हातांचं एवढं कळतं तुम्हाला?"

"सगळ्यांच्या नाही..." तो म्हणाला आणि पुढं काय म्हणायचं होतं ते रंध्याच्या आवाजात गेलं.

कठडा पुरा झाला त्या दुपारी भुरभुर पाऊस आला. ती छत्री घेऊन बाहेर आली तर हा भिजत उभा.

"आत या ना!"

"ओल्या लाकडावरून हात घसरतो का, ते बघायचंय. असा पाऊस मागून मिळत नाही."

"मग मीही बघते." तिनं छत्री मिटली. "तुम्ही बाकाकडून या. मी दाराकडून येते. डोळे मिटून. लबाडी नाही."

"डोळे मिटून?"

"तुमचीच पद्धत आहे."

ती डोळे मिटून चालू लागली. हाताखाली ओलं, गुळगुळीत लाकूड. पापण्यांवर पावसाचे थेंब. कुठंतरी पानांवर टपटप, आणि समोरून येणारी त्याची पावलं — अगदी सावकाश, म्हाताऱ्या माणसाची टाकावीत तशी. तिला हसू आवरेना. पंधरा पावलं... वीस... आणि एकाएकी कठड्यावर तिच्या बोटांना दुसरी बोटं लागली.

कुणीच हात काढला नाही.

"घसरत नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही..." ती म्हणाली. डोळे तिनं अजून उघडले नव्हते. "चांगला धरला जातो."

सात नंबरच्या खिडकीतून टेलिफोनआजींचा खोकला ऐकू आला — मुद्दाम काढलेला, लांबलचक. दोघंही दचकून बाजूला झाले.

पाऊस थांबल्यावर ते बाकावर बसले. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. तिनं सहजच विचारलं, "हे डोळे मिटून उठायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

तो नखानं बाकाची कड खरवडत राहिला.

"आई पडली होती," शेवटी तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. न्हाणीघरात. धरायला काही नव्हतं... मी सुतारकाम करणारा, गावभर लोकांची दारं-खिडक्या बसवत होतो आणि माझ्या घरात आईला धरायला एक दांडी नव्हती. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चालवा. पण ती उठायला लागली की मला धडकी भरायची. मी म्हणायचो, आई तू बस, मी आणतो. आई तू पडून राहा, मी करतो. सगळं हातात दिलं तिच्या." तो थांबला. "इतकं जपलं, की ती उठायचंच विसरली. आता पलंगावरच असते."

तिच्या तोंडाशी पन्नास गोष्टी आल्या — स्नायू, व्यायाम, अजून वेळ गेलेली नाही. पण तिनं त्यातली एकही उच्चारली नाही. फक्त मधलं अंतर थोडं कमी केलं.

बागेचं दार उघडलं. पहिल्या दिवशी मेट्रनबाई टेलिफोनआजींच्या बरोबर चालल्या. आजींपेक्षा त्याच जास्त घाबरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाच जण गेले. आठवड्याभरात संध्याकाळी चारला वाटेवर गर्दी व्हायला लागली आणि ड्रायव्हरकाका 'ओव्हरटेक करू नका' म्हणून ओरडायला लागले.

आणि दहाव्या दिवशी टेलिफोनआजी पडल्या.

बागेत नाही. स्वतःच्या खोलीत, पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला वाकल्या आणि तोल गेला. मनगटाला प्लॅस्टर बसलं. सोमवारी त्यांचा मुलगा आला. साठीला टेकलेला, सज्जन, आणि भीतीनं चिडलेला.

"हे सगळं त्या बागेच्या नादानं झालंय," तो मेट्रनबाईंच्या ऑफिसात म्हणाला. "आईसाठी चाकाची खुर्ची मागवा. ती उठणार नाही. आणि ते दार आधी बंद करा."

मेट्रनबाईंचा हात नकळत कमरेच्या किल्लीकडे गेला. कवायतबाई पुढं झाली. तिनं सांगून पाहिलं — पडल्या त्या खोलीत, चालण्यानं पायांत उलट ताकद येतेय. पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

"तुमची आई असती तर कळलं असतं!"

ऑफिसच्या दाराची बिजागरी बदलत मिस्त्री खाली बसला होता. तो उठला. हातातला पेचकस तसाच.

"साहेब, मध्ये बोलतो, माफ करा. माझी आई आहे. तिला मी असंच जपलं."  बाकावर जे त्यानं तिला एकटीला सांगितलं होतं, ते त्यानं सगळ्यांच्या देखत सांगितलं. काही लपवलं नाही. "तीन वर्षांत ती एकदाही पडलेली नाही साहेब. पण मी घरी गेलो की ती विचारते, बाहेर आज ऊन होतं का रे? ते ऐकवत नाही."

 टेलिफोनआजी प्लॅस्टरचा हात मांडीवर धरून बसल्या होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, "बाळ, उठायचं कधी, जेवायचं कधी, गोळ्या घ्यायच्या कधी, सगळं इथं दुसरं कुणीतरी ठरवतं. माझी तक्रार नाही. पण चारला मी त्या बाकावर बसते आणि समोरची शाळा सुटलेली बघते. दिवसभरात तेवढंच माझं आहे रे. ते नको घेऊस."

मुलानं मान खाली घातली. घड्याळात पावणेचार झाले होते.

"चला," आजी उठल्या. "माझी वेळ झाली."

त्या दुखरा हात छातीशी धरून, चांगल्या हातानं कठडा पकडत निघाल्या. मुलगा मागं चार पावलांवर. दोनदा त्याचे हात पुढं झाले आणि दोन्ही वेळा त्यानं ते मागं घेतले. बाकापाशी पोचल्यावर आजी बसल्या आणि शेजारची जागा थोपटली. ती मायलेकरं शाळा सुटून रस्ता मोकळा होईपर्यंत तिथं बसून होती. दार नंतर कधीच बंद झालं नाही.

त्या टेलिफोनआजी आता नाहीत. पुढं दोन वर्षांनी, एका दुपारी वामकुक्षीतच गेल्या. आदल्या संध्याकाळी त्या बाकापर्यंत चालून आल्या होत्या, आणि येताना कवायतबाईला नेहमीसारखं चिडवूनही.

पण त्या सोमवारनंतर झालं काय, की मिस्त्रीचं काम संपलं. तरी त्यानं चार दिवस काढले. कठडा पुन्हा घासला. मग पुन्हा पॉलिश. "तिसऱ्यांदा घासतोय गं तो," आजी म्हणाल्या. "उरेल का कठडा?" पाचव्या दिवशी तो हत्यारांची पेटी उचलून तिच्यासमोर उभा राहिला.

"येतो मॅडम."

"हं."

"काही हललं, सैल झालं तर..."

"तर?"

"तर... कळवा." आणि तो गेला.

सोमवार गेला. मंगळवार गेला. एकही दांडी सैल होईना. इतकं पक्कं काम करायची काय गरज होती, असं तिला वाटायला लागलं. बुधवारी तिनं नऊच्या कवायतीत 'हात वर' सांगितलं आणि 'खाली' सांगायलाच विसरली. चौतीस म्हातारे हात वर करून बसून राहिले.

"कवायतबाई!" आजी कळवळून म्हणाल्या. "नंबर जवळ असून न फिरवणारी माणसं मी पस्तीस वर्षांत फार बघितली. नंतर फार पस्तावतात गं... आधी हात खाली घ्यायला सांग."

"तो मला मॅडम म्हणतो आजी. त्याच्या मनात ते डॉक्टर आणि मिस्त्री असं काहीतरी बसलंय."

"मग त्याच्या मनातून ते काढायला तो स्वतःच येणार आहे का?"

मेट्रनबाईंच्या वहीत पत्ता होता. रविवारी सकाळी ती तिथं जाऊन उभी राहिली. पुढं लहानसं कारखान्याचं शेड, मागं दोन खोल्या. तो लाकडाच्या भुशात, केसांत रंध्याच्या चुरगळलेल्या साली, आणि तिला बघून हातातला हातोडा खाली ठेवायचं विसरलेला.

"मॅडम? काय हललं?"

"काही नाही हललं," ती म्हणाली.  "आईंना भेटायला आलेय."

आई खिडकीशी पलंगावर बसल्या होत्या. गोऱ्या, हसऱ्या, फुलासारख्या हलक्या. तिनं त्यांच्याशी अर्धा तास नुसत्या गप्पा मारल्या आणि मग म्हणाली, "आई, जरा तळपाय माझ्या हातावर दाबून बघता? जोरात. माझ्यावर राग आहे असं समजून."

"राग कशाचा गं तुझ्यावर?"

"येईल. रोज करायला सांगणार आहे."

त्यानंतर ती दर रविवारी जाऊ लागली. पहिल्यांदा पाय दाबणं, मग गुडघा उचलणं, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं. मधल्या दिवसांत मिस्त्री आईचा व्यायाम घ्यायचा आणि रविवारी कवायतबाईला हिशोब द्यायचा, "बुधवारी दोनदा टाळाटाळ केली तिनं." पलंगाशेजारी त्यानं भिंतीला दांडी बसवली. उंची आईच्या मिटल्या डोळ्यांना विचारून ठरवली.

"सुट्टीच्या दिवशी कुठं गं जातेस?" तिच्या घरी तिची आई विचारायची.

"पेशंट आहे."

"पेशंटसाठी कानात डूल?"

तिनं एका रविवारी जेवताना सगळं सांगून टाकलं. बाबांनी भातावर आमटी वाढून घेतली. मग त्यांनी एवढंच विचारलं, "आपल्या न्हाणीघरात बसवेल का तो दांडी? तुझी आई हल्ली नळाला धरून उठते."

अकराव्या रविवारी खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. आईंनी दांडी पकडली. ती एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला, हात अंगाला न लावता, फक्त जवळ.

"नाक पुढं न्या आई," ती म्हणाली. "नाक पायांच्या पुढं. आता... उठा."

आईंचे गुडघे थरथरले. दांडीवरची बोटं पांढरी पडली. एक क्षण वाटलं, नाही होणार... आणि त्या उठल्या. पूर्ण. सरळ. तीन वर्षांनी.

त्यांनी श्वास सोडला, मान वळवून मुलाकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

"अरे," त्या म्हणाल्या, "तू एवढाच आहेस होय? खालून केवढा उंच दिसायचास!"

तो हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो घाईनं शेडच्या दाराकडे वळला. ती त्याच्या मागं दोन पावलं गेली. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिनं त्याच्या बाहीला धरलं.

"मॅडम," तो पाठमोराच म्हणाला, "आई उठली. म्हणजे आता तुम्ही रविवारी..."

"आता कुठं उठल्यात. चालायचंय अजून. मग अंगण. मग रस्ता. मग बाजार."

"मग?"

"मग काय... बरीच वर्षं जातील."

तो वळला. गालांवर ओल, केसांत लाकडाच्या साली, आणि नजर — आजवर तिच्या चेहऱ्यावर कधी इतका वेळ न थांबलेली.

"मला बोलता येत नाही नीट," तो म्हणाला. "चार दिवस कठडा घासत होतो, कारण सांगायचं होतं. सांगता आलं नाही. तू... तू थांबशील?"

तू. एवढंसं अक्षर. तिच्या कानापासून पायाच्या बोटांपर्यंत गेलं.

"थांबायलाच आले होते रे," ती म्हणाली. "पहिल्याच रविवारी."

त्यानं तिचा हात हातात घेतला. खरखरीत, उबदार हात.  मग एकदम दोघांनाही आठवलं आणि दोघंही धडपडून मागं वळले.

आई दांडीला धरून अजून उभ्याच होत्या.

"आई! बसा, बसा! पाय भरून आले असतील," कवायतबाई धावली.

"नाही बसत एवढ्यात," आई म्हणाल्या. पाय लटपटत होते, पण चेहऱ्यावर ऊन होतं. "तुमचं चालू दे. मला बघू दे जरा."